पाठीतला ‘कट्ट’ आवाज आणि स्नायूंचं उत्तर

उसण भरली की माझ्या आजोळी एक ठरलेला उपाय असायचा. गल्लीत पायाळू कोण आहे, हे सगळ्यांना पाठ असे. जन्माच्या वेळी डोक्याऐवजी ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. उसण भरलेल्या माणसाने पालथं पडायचं आणि पायाळूने येऊन त्याच्या पाठीवर पायाने हलका धक्का द्यायचा. माझे एक मामा पायाळू. सकाळी दात घासत असताना कुणीतरी कण्हत अंगणात यायचं, मामा तोंडातला ब्रश तसाच ठेवून पाय लावायचे, आणि तो माणूस कमरेवर हात ठेवून का होईना, पण सरळ चालत परत जायचा.

पुढे मेडिकलला गेल्यावर मी या प्रकाराला मनसोक्त हसलो. आता इतकी वर्षं पाठ-कंबरदुखीचे पेशंट तपासल्यावर तेवढं हसू येत नाही. पायाळू असण्याचा त्या आरामाशी काही संबंध नाही, हे माझं मत आजही तेच आहे. पण पाठीवर अचानक बसलेल्या धक्क्याला पाठीचे स्नायू उत्तर देतात, हे खरं आहे. ते यंत्रावर मोजताही येतं.

हे आज लिहायचं कारण म्हणजे मोबाइलवरच्या रील्स. टेबलावर पालथा पडलेला माणूस, पाठीजवळ धरलेला माइक, दोन हातांचा एक झटका आणि ‘कट्ट’. मग उठून बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर स्वर्ग. आठवड्यातून दोन-तीन पेशंट तरी मला असा व्हिडिओ दाखवून विचारतात, “डॉक्टर, मी करून घेऊ का? यात मणका जागेवर बसतो ना?”

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ नको. कायरोप्रॅक्टिक पद्धतीने पाठीला झटका देण्याच्या मी सरसकट विरोधात नाही. कंबरदुखीच्या काही पेशंटना त्याने आराम पडतो. पण तो आराम का पडतो याचं जे कारण तुम्हाला सांगितलं जातं, ते चुकीचं आहे. आणि कारण चुकीचं धरलं की पुढचे निर्णयही चुकतात. कसे चुकतात, ते पुढे एका पेशंटच्या गोष्टीत येईल. त्यात माझाही वाटा आहे.

मणका ‘सरकतो’ कुठून आलं?

१८९५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डॅव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर नावाचे गृहस्थ चुंबकाने रोग बरे करायचा व्यवसाय करत. त्यांच्या इमारतीतला सफाई कामगार हार्वी लिलार्ड याला नीट ऐकू येत नव्हतं. पामर यांनी त्याच्या पाठीतला वर आलेला मणका दाबून बसवला आणि त्याला ऐकू येऊ लागलं, असं पामर सांगत. तिथून कायरोप्रॅक्टिक सुरू झालं. मणका जागचा थोडा सरकतो, त्याने नस दाबली जाते, त्यातून रोग होतात आणि मणका बसवला की रोग जातो, असा तो विचार. आता कानाची नस मेंदूतून थेट कानात जाते, पाठीच्या मणक्यांतून जातच नाही. पण एकदा तयार झालेली कल्पना शंभर-सव्वाशे वर्षं सहज टिकते.

खरंच काही सरकतं का, हे तपासून झालेलं आहे. १९९८ साली स्वीडनमध्ये टुलबर्ग आणि सहकाऱ्यांनी कमरेखालच्या सॅक्रोइलियक सांध्याचा त्रास असलेल्या १० पेशंटवर एक नेटका प्रयोग केला. हाडात बारीक धातूचे मणी बसवून एक्स-रेच्या खास पद्धतीने त्यांची जागा झटक्याच्या आधी आणि नंतर मोजली. तपासणाऱ्यांच्या हातांना ‘फरक पडला’ असं जाणवलं होतं. एक्स-रेत मात्र हाडं होती तिथेच होती.

आवाजाचंही तसंच. तो हाडावर हाड घासल्याचा नाही आणि मणका खाचेत बसल्याचाही नाही. सांध्यात वंगणासारखा द्राव असतो. सांध्याच्या दोन बाजू पटकन एकमेकींपासून दूर ओढल्या की त्या द्रावात दाब पडतो आणि वायूची पोकळी तयार होते. तुम्ही बोटं मोडता तेव्हा हेच होतं. २०१५ साली कॅनडातल्या संशोधकांनी बोट मोडताना त्याचा एमआरआय काढून ती पोकळी तयार होताना दाखवली. तेच बोट लगेच पुन्हा मोडत नाही, वीसेक मिनिटं थांबावं लागतं, हे तुम्हाला अनुभवाने माहीत असेलच. (बोटं मोडून संधिवात होतो का, हा पुढचा प्रश्न हमखास येतो. डोनाल्ड अंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी साठेक वर्षं फक्त एकाच हाताची बोटं मोडून पाहिली. दोन्ही हातांत फरक दिसला नाही. त्यांना २००९ साली इग नोबेल मिळालं. म्हणजे आईने ओरडावं, पण कारण दुसरं शोधावं.)

मग हाड हलत नाही आणि आवाजाला अर्थ नाही, तर माणसाला बरं का वाटतं? इथे स्नायू येतात.

तुमच्या परवानगीशिवाय काम करणारे स्नायू

एक गोष्ट आत्ता उठून करून बघा. उभे राहा. दोन्ही अंगठे कमरेच्या उंचीवर, पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना असलेल्या जाड पट्ट्यांवर ठेवा. आता अगदी थोडे मागे रेला. पट्टे मऊ लागतील. आता किंचित पुढे झुका. लगेच दोरखंडासारखे ताठ. तुम्ही त्यांना ‘ताठ व्हा’ असं सांगितलं होतं का? नाही. वजन पुढे गेल्याची खबर त्यांना मिळाली आणि त्यांनी परस्पर काम सुरू केलं.

ही खबर देणारी यंत्रणा स्नायूंच्या आतच असते. प्रत्येक स्नायूत बारीक, सुताच्या चातीसारखे अवयव असतात. त्यांना मसल स्पिंडल म्हणतात. स्नायू किती ताणला गेला आणि किती वेगाने ताणला गेला, हे ते मोजतात आणि चेतातंतूंतून मज्जारज्जूला कळवतात. मज्जारज्जू मेंदूला न विचारता उलट हुकूम सोडतो, ‘आखड’. डॉक्टर गुडघ्याखाली रबरी हातोडी मारतात आणि पाय उडतो, ती हीच प्रतिक्षिप्त क्रिया. १८७५ साली एर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी तिचं वर्णन स्वतंत्रपणे केलं आणि आजही आम्ही ती रोज तपासतो.

यातला ‘किती वेगाने’ हा भाग लक्षात ठेवा. हातोडी हळूच टेकवून तितक्याच जोराने दाबली तर पाय उडत नाही. ताण तेवढाच असला तरी वेग नसतो.

कायरोप्रॅक्टरचा झटका नेमका याच गोष्टीवर बेतलेला आहे. आधी तो हात टेकवून सांधा हालचालीच्या टोकापर्यंत नेतो आणि मग एकदम छोटा, वेगवान धक्का देतो. हात सरकतो थोडासाच, पण धक्का पुरा होतो साधारण एक दशांश ते दोन दशांश सेकंदात. पापणी लवते तेवढाच वेळ. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठातल्या वॉल्टर हर्झोग यांनी हाताखाली दाबमापक ठेवून हे जोर मोजले. पाठीवर सुमारे ४०० न्यूटन, म्हणजे चाळीस किलोचं पोतं क्षणभर टेकवावं तसा. मानेवर त्याच्या पाव-तृतीयांश.

त्याच प्रयोगशाळेने पुढे स्नायूंवर इलेक्ट्रोड चिकटवून, म्हणजे ईएमजी करून, झटक्याच्या वेळी स्नायू काय करतात ते पाहिलं. १९९९ साली छापलेल्या अभ्यासात दहा निरोगी तरुणांवर मानेपासून कमरेपर्यंत अकरा प्रकारचे झटके दिले. झटका सुरू झाल्यापासून ५० ते २०० मिलिसेकंदांत स्नायूंत विजेची हालचाल दिसली आणि ती १०० ते ४०० मिलिसेकंद टिकली. एवढ्या लवकर कुणी विचार करून स्नायू आवळू शकत नाही. म्हणजे ही प्रतिक्षिप्त क्रियाच. शिवाय ती फक्त हाताखालच्या स्नायूत नव्हती. झटका कुठे दिला त्यानुसार पाठीचे दूरचे आणि हातापायांचे काही स्नायूही जागे झाले.

या कामातल्या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात, कारण रील बनवणारे नेमकं त्याच्या उलट सांगतात.

पहिली, आवाजाचा या उत्तराशी संबंध नाही. ‘कट्ट’ झालं नाही तरी स्नायूंनी उत्तर दिलं. आणि हात हळूहळू दाबत नेला तेव्हा कधी सांध्यातून आवाज आला, पण स्नायू गप्प राहिले. उत्तर वेगाला होतं. त्यामुळे ‘आज आवाज आला नाही, म्हणजे नीट बसलं नाही’ म्हणून तीन-तीनदा झटके मारून घेणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. माइक लावून जो आवाज तुम्हाला ऐकवतात, तो उपचाराचा पुरावा नाही, पार्श्वसंगीत आहे.

दुसरी गोष्ट जास्त गमतीची. स्नायूंचं हे पहिलं उत्तर सैल पडण्याचं नसतं, आखडण्याचं असतं. झटका बसला की स्नायू क्षणभर आवळतो. सैल वाटतं ते नंतर.

हे ‘नंतर’ कसं मोजायचं? गुडघ्याच्या प्रतिक्षिप्त क्रियेची विजेवर चालणारी एक बहीण आहे, तिला एच-रिफ्लेक्स म्हणतात. गुडघ्यामागच्या नसेला विजेचा हलका धक्का द्यायचा आणि पोटरी किती जोराने उत्तर देते ते मोजायचं. मज्जारज्जू किती ‘तापलेला’ आहे, याचा त्यावरून अंदाज येतो. २००० साली डिशमन आणि बुलबुलियन यांनी कमरेला झटका दिल्यावर हे उत्तर दबल्याचं दाखवलं. म्हणजे मज्जारज्जूचा हात थोडा आखडता झाला. पण हे दबणं फार थोडा वेळ टिकलं. काही सेकंद, फार तर मिनिटाच्या आसपास. पुढे इतरांनी अशीही शंका काढली की, पेशंटला टेबलावर वळवलं-हलवलं त्यानेच हा फरक पडला नसेल कशावरून? ती शंका मला रास्त वाटते.

अमेरिकेतले जोएल पिकार यांनी भूल दिलेल्या मांजरांच्या पाठीच्या स्पिंडलमधून निघणारे संदेश थेट मोजले. धक्का जसजसा वेगवान होत गेला, तसतसा संदेशांचा मारा एकदम वाढला आणि धक्का संपल्यावर काही स्पिंडल थोडा वेळ गप्प झाले. हे सगळं जुळवून एक चित्र तयार होतं. दुखऱ्या पाठीतून मज्जारज्जूला सतत कुरबुर चालू असते. त्यावर अचानक संदेशांचा मोठा लोंढा येतो, आणि त्या गोंगाटात जुनी कुरबुर काही काळ ऐकू येत नाही. वर्गात मुलं कुजबुजत असताना मास्तरांनी टेबलावर पट्टी आपटावी तसं. वर्ग शांत होतो, पण कायमचा नाही.

प्रयोगशाळेतला हा परिणाम मिनिटभराचा आणि पेशंटला बरं वाटतं कधी दोन तास, कधी दोन दिवस. ही फट कशाने भरते? थोडी मेंदूतल्या वेदनाशामक यंत्रणेने, थोडी कुणीतरी विश्वासाने पाठीवर हात ठेवल्याने, थोडी अपेक्षेने. आणि बरीचशी यामुळे की दुखणं कमी वाटलं की माणूस न घाबरता हालचाल करतो, आणि हालचाल हे पाठीचं खरं औषध आहे. माझ्या मते मामांच्या पायातही हेच होतं. शिवाय बहुतेक उसण चार-आठ दिवसांत आपोआप जाते, तिचं श्रेय कुणीही घ्यावं.

झटका नेमक्या मणक्यावर बसतो, या दाव्याबद्दलही एक वाक्य. कॅनडातच २००४ साली रॉस, बेरेझनिक आणि मॅकगिल यांनी अनुभवी कायरोप्रॅक्टर ठरवतात त्या जागी सांधा उघडतो का ते मोजलं. कमरेत नेम सरासरी पाच सेंटिमीटरने चुकत होता, म्हणजे निदान एक मणका इकडे-तिकडे. तरीही पेशंटना बरं वाटतंच. मग ‘तुमचा चौथा मणका डावीकडे गेलाय’ या वाक्याचं काय करायचं, ते तुम्हीच ठरवा.

आखडलेला स्नायू कधीकधी पहारेकरी असतो

आता ती गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

एक गृहस्थ, चाळिशीच्या आतले, पिठाची गिरणी चालवणारे. दोन्ही खांद्यांच्या मध्ये, थोडं खाली पाठ दुखायची. पोती उचलायचं काम, त्यामुळे कुणालाच नवल वाटलं नाही. ते एका ठिकाणी दर आठवड्याला पाठ ‘मोडून’ घेत. त्या दिवशी छान वाटायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा ताठ. ते माझ्याकडे आले होते खरं तर आईच्या ब्लडप्रेशरसाठी. जाता जाता म्हणाले, “डॉक्टर, पाठीला ते झटके घेतोय, आराम पडतो. चालू ठेवू ना?”

मी आईंची चिठ्ठी लिहीत होतो. मान वर न करता म्हणालो, “बरं वाटतंय ना? मग घ्या.”

तीनेक महिन्यांनी ते स्वतःसाठी आले. तक्रार विचित्र होती. चालताना पायातली चप्पल निसटते आणि निसटली तरी कळत नाही, दहा पावलं पुढे गेल्यावर लक्षात येतं. मी शर्ट काढायला सांगितला. पाठीच्या मधोमध एक मणका किंचित वर आलेला, त्यावर बोटाने टकटक केलं तर कळवळले. वजन सहा किलोने उतरलं होतं, संध्याकाळी अंगात कणकण असायची. गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय गरजेपेक्षा फार जोरात उडाला. मज्जारज्जूवर दाब आल्याची ती खूण. एमआरआयमध्ये दोन मणके क्षयाने खाल्लेले आणि पू मागे मज्जारज्जूला टेकलेला दिसला.

मणक्याचा क्षय हा आपल्याकडे दुर्मीळ आजार नाही. जगातले सर्वांत जास्त क्षयरुग्ण भारतात आहेत आणि हाडांच्या क्षयाची सर्वांत आवडती जागा म्हणजे पाठीचा कणा. क्षयाचे जंतू सापडण्याच्याही शंभर वर्षं आधी, १७७९ साली, पर्सिव्हल पॉट या इंग्रज सर्जनने पाठीला आलेलं कुबड आणि पाय लुळे पडणं यांचा संबंध लिहून ठेवला होता.

एक स्पष्ट करतो. झटक्यांमुळे त्यांना क्षय झाला नाही. पण तीन महिने त्या झटक्यांनी सगळ्यांचं लक्ष चुकवलं, माझंसुद्धा. त्यांची पाठ ताठ होती कारण आत आजारी मणका होता आणि स्नायू त्याला धरून उभे होते. प्लॅस्टर घालावं तसे. दर आठवड्याला त्या पहारेकऱ्याला क्षणभर गप्प केलं जात होतं, आणि तो दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर हजर होत होता. ‘दुसऱ्या दिवशी पुन्हा ताठ’ हे त्यांनी मला सांगितलं होतं. त्या एका वाक्यावर मी पेन खाली ठेवायला हवं होतं. शिवाय आतून पोखरलेल्या मणक्यावर चाळीस किलोचा झटका बसला तर काय होऊ शकतं, हे सांगायला नको. तो मणका खचला नाही, हे नशीब.

म्हणून ‘सैल वाटलं, म्हणजे उपचार लागू पडला’ हे मला मान्य नाही. सैल वाटणं ही मज्जारज्जूची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. ती साध्या उसणीत येते, क्षयात येते, कर्करोगाने पोखरलेल्या मणक्यातही येऊ शकते. गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय उडला म्हणून गुडघा बरा झाला, असं आपण म्हणत नाही.

मग करायचं की नाही?

कमरेचं साधं दुखणं असेल, म्हणजे वाकताना-उचलताना भरलेलं, पडून राहिलं की कमी होणारं, तपासून कुठला गंभीर आजार नाही असं ठरलेलं, तर प्रशिक्षित हाताने कमरेला मॅनिप्युलेशन करून घ्यायला माझी हरकत नाही. २०१७ साली ‘जामा’ या मासिकात ताज्या कंबरदुखीवरच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा आला. शंभरपैकी सुमारे दहा गुणांनी वेदना कमी होते आणि हा फायदा सहा आठवड्यांपर्यंतच्या काळात दिसतो, असं त्यात निघालं. थोडा, पण खरा. २०१९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या आढाव्यात जुन्या कंबरदुखीत याचा परिणाम व्यायाम वगैरे इतर मान्य उपचारांइतकाच निघाला. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१६ च्या सूचनांत हे उपचार व्यायामाच्या जोडीनेच द्यावेत, एकटे नको, असं म्हटलं आहे. मला हे अगदी पटतं. झटक्याने जो थोडा वेळ मोकळा मिळतो, त्यात चाला, व्यायाम शिका, कामाला लागा. तो वेळ सोफ्यावर घालवला तर पुढच्या आठवड्यात पुन्हा तिथेच.

वीस-तीस सिटिंगचं पॅकेज आगाऊ पैसे भरून घेऊ नका. चार-सहा वेळात फरक नसेल तर एकविसाव्या वेळी चमत्कार होणार नाही. आणि ‘मणका सरकू नये म्हणून दर महिन्याला या’ असं कुणी म्हटलं, तर वर लिहिलेला स्वीडनचा प्रयोग आठवा. लहान बाळांच्या पाठीला झटके द्यायचं तर नावच काढू नका.

ज्याच्याकडे जाल त्याचं शिक्षण विचारा. अमेरिकेत यासाठी अनेक वर्षांचा अभ्यासक्रम आणि परवाना लागतो, ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्याने वेगळी परिषद आहे. आपल्याकडे कायरोप्रॅक्टिकची अशी वैधानिक परिषद नाही, त्यामुळे पाटी कुणीही लावू शकतो. मॅन्युअल थेरपी शिकलेले फिजिओथेरपिस्ट मात्र बहुतेक शहरांत आहेत. विचारायला लाजू नका. झटका देण्याआधी ज्याने तुमची पाठ उघडी करून तपासली नाही, पायांची ताकद बघितली नाही, हातोडी मारली नाही, त्याच्या टेबलावरून उठून या.

आणि पुढच्यापैकी काहीही असेल तर पाठीला हात लावू देण्याआधी डॉक्टरकडे या: रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप किंवा उतरणारं वजन, पूर्वी झालेला कर्करोग, बरेच महिने घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, साठीनंतर साध्या पडण्याने सुरू झालेलं दुखणं, रक्त पातळ करायची औषधं, जुना संधिवात, पायात कमजोरी, चप्पल निसटणं. लघवी-संडासवरचा ताबा जात असेल किंवा बसायची जागा बधिर झाली असेल, तर त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा, उद्याची वाट बघू नका.

मानेच्या बाबतीत मी जास्त कडक आहे. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या भोकांतून वर चढतात आणि सगळ्यात वरच्या मणक्यापाशी वळसा घेऊन कवटीत शिरतात. मान एकदम पिरगळली तर त्या वळशावर ताण येतो. धमनीच्या आतल्या अस्तराला चीर पडली तर तिथे गुठळी होऊन पक्षाघात येऊ शकतो. हे क्वचित घडतं. झटक्यामुळे चीर पडते की आधीच चीर पडून मान दुखत असल्यामुळे माणूस झटका घ्यायला जातो, यावर तज्ज्ञांत वाद आहे. कॅनडातल्या ओंटारियोत २००८ साली झालेल्या अभ्यासात अशा पक्षाघाताचा आधी कायरोप्रॅक्टरकडे जाण्याशी जितका संबंध दिसला, साधारण तितकाच साध्या डॉक्टरकडे जाण्याशीही दिसला. तरीही अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ साली सांगितलं की मानेला झटका देण्याआधी हा धोका पेशंटला सांगावा. माझा हिशोब साधा आहे. मानदुखी व्यायामाने आणि काळाने बरी होते. फायदा थोडा आणि धोका दुर्मीळ पण आयुष्य बदलणारा असेल, तर मी माझ्या माणसांना नको म्हणतो. मान पिरगळल्यानंतर चक्कर, दोन-दोन दिसणं, बोलताना जीभ जड होणं, तोल जाणं, आधी कधी न दुखल्यासारखी मान किंवा डोकं दुखणं, यातलं काही झालं तर झोपून बघू नका, तडक हॉस्पिटल गाठा.

यात आपला सलूनवालाही आला. दाढी-कटिंग झाल्यावर चंपी करता करता तो हनुवटी आणि डोकं धरून दोन्हीकडे ‘कट्ट, कट्ट’ करतो. त्याने तुमचं ब्लडप्रेशर विचारलेलं नसतं आणि तुम्ही आरामात डोळे मिटलेले असता. कॉलेजात असताना मीही दर महिन्याला ते हौसेने करून घ्यायचो. आता खुर्चीत बसतानाच सांगतो, “चंपी कर, मान नको.” तो दरवेळी हसतो आणि दरवेळी सवयीने हनुवटीला हात घालतोच.

गिरणीवाल्या गृहस्थांचं ऑपरेशन करून पू काढावा लागला, वर्षभर क्षयाच्या गोळ्या झाल्या. आता ते चालतात, चप्पल पायात राहते, पोती मात्र मुलगा उचलतो. मागच्या महिन्यात आईंना घेऊन आले होते. जाताना म्हणाले, “कंबर जरा धरल्यासारखी वाटते दोन दिवस, असू दे म्हणा.” मी पेन खाली ठेवलं आणि त्यांना टेबलावर झोपायला सांगितलं. साधी उसण होती.